कच्च्या टाक्याचा झगा

"चालून दाखव!"

सुई पदराच्या काठात टोचायची, हनुवटी वर करायची आणि समोरच्याला असं फर्मान सोडायचं, ही आपाची रीत. समोर लग्नाची नवरी असो की शेरवानीतला नवरदेव, आरशात पाहू द्यायची नाही. म्हणायची, "आरसा उभा माणूस पाह्यते. कपडा चालत्या माणसाचा असते. चाल, त्या खांबापर्यंत जाऊन ये."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे मोठमोठे बाप्ये हात वर करून मुकाट उभे राहतात. घाटंजीत आमच्या घरासमोर आपा होती. नवरा शिंपी होता, तो वारल्यावर त्याच मशीनवर ती बसली. हिंदू-मुसलमान सगळे तिला आपाच म्हणत, म्हणून मीही तेवढंच लिहिते. लिहिण्याचं कारण म्हणजे तिची एक गोष्ट गावात अजून हसत हसत सांगतात. ती खोटी आहे. ऐकली की माझं डोकं फिरतं.

आमचा भाग तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. दर हिवाळ्यात एक फिरती नाटक मंडळी जिल्ह्यात तंबू ठोकत यायची. तिच्या नादी लागलेले शौकीन गावोगावी होते. शेवटचा मुक्काम केळापूरच्या बाजूला पडला की हे सगळे शौकीन त्याच नाटकांतल्या पात्रांची सोंगं घेऊन तिथं मेळ्याला जमत. कोणी राजा, कोणी राक्षस, कोणी राणी. मंडळीच्या रंगमंचावर एकेक सोंग चालून जाई आणि ज्याचं सोंग उत्तम, त्याला मालक स्वतः फेटा बांधत. त्या फेट्यासाठी माणसं वर्षभर जीव टाकत.

आमच्या गावचे राजा म्हणजे किराणा दुकानवाले. त्यांना सगळे राजाभाऊच म्हणत. राणी व्हायचा माझा नवरा. जिनच्या कारखान्यात कापूस ओढणारा गडी, हात राठ, आणि मिशी काढायला तयार नाही.

"राणीले मिशी कुठं असते रे?" आपा विचारायची.

"मोठ्या घरच्या राणीले असते, आपा."

"मंग त्या मोठ्या घरी राहायले जा. माह्या हातानं शालू मिशीवर नाही चढत."

मिशी गेली. शालू माझ्या लग्नातला होता.

बेत सगळा आपाच्या ओसरीवर ठरायचा. गाड्या कोणाच्या, बैलांना पाणी कुठं पाजायचं, भाकरी-ठेचा कोणाच्या घरून. मुकुटाची पेटी वर ठेवायची, राक्षसाचं तोंड गवतात गुंडाळायचं, हेही तीच सांगायची. रस्त्यातला एकेक ओढा तिला ऐकून ऐकून पाठ झाला होता. मेळा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. सोंगं परत यायची ती घामेजलेली, चुरगळलेली. दिव्यांच्या उजेडात तिचा झगा कसा झळकतो, ते दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकायची.

आदल्या वर्षी राजाभाऊंनी रंगमंचावर तलवार उगारली आणि झगा बगलेत टरकन फाटला. ते येऊन आपावर ओरडले. ती म्हणाली, "घरी तुमी हात उचलता कोंबडी हाकल्यावानी, अन् तिथं उचलता हत्ती मारल्यावानी. मी कोणत्या हाताचं माप घेऊ?"

म्हणून यंदा तिनं अट घातली. मी माप घेण्याच्या फितीचं टोक धरून तिथंच बसले होते.

"हे पाहा राजाभाऊ. घरी मी नुसता कच्चा टाका घालून देतो. मले मेळ्याले घेऊन चला. तिथं तुमच्या अंगावर झगा चढवून, हात वर करायले लावून पक्कं करतो. मंग फाटला तर माही मान कापा."

राजाभाऊ म्हणाले, "चला ना आपा! तुमची जागा पुढच्या गाडीत पक्की."

"एकटी नाही येत. ही पोरगी संग येईन."

ती पोरगी म्हणजे मी. नवरा हसला, म्हणाला, "येऊ द्या. राणीले दासी पायजेच."

मग पंधरवडाभर आपाच्या मशीनचा आवाज थांबला नाही. राजाचा झगा अस्तरासकट पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घालून नुसता जोडला. दिसायला अगदी पुरा, पण बोटानं ओढला तर दोरा सरकन निघावा असा. मी म्हटलं, "आपा, भीती वाटते व."

"कायले? मी हावो ना संग."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी राजाभाऊंचा गडी सगळी गाठोडी घेऊन गेला. सामान आधीच गाडीत लावून ठेवतो म्हणाला. सकाळी दिवस उगवल्यावर आपाच्या दारातून निघायचं ठरलं होतं. माझा नवरा अंधारातच उठला. "बैल जुपून येतो," म्हणाला.

आपा अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून ओट्यावर बसली. डब्यात दोऱ्याची रिळं, कात्री, सुया. माझ्यासाठी तिळाचे लाडू बांधले होते. ऊन ओट्यावर आलं. मग अर्ध्या अंगणात आलं. दूध घालणारी बाई येऊन म्हणाली, "तुमी इथं काहून? गाड्या तं पहाटेच नदीकडून गेल्या."

आपा म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या असतील." आणि आणखी तासभर बसून राहिली.

नंतर कळलं ते असं. बाजारात कोणीतरी राजाभाऊंना म्हणालं, विधवा बाई घेऊन बाप्यांच्या गाडीत चालले, गावोगावचे लोक पाहतील. राजाभाऊंना ते लागलं. आपाला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून चोरासारखे पहाटे निघाले. माझा शालू नेसून, गजरा माळून माझा नवरा सगळ्या जिल्ह्यापुढे ठुमकत चालला तर लोक पाहत नाहीत. खऱ्या बाईला गाडीत बसवलं की पाहतात. आणि त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्याच अंथरुणातून उठून तो खोटं बोलून गेला.

मेळ्यात झालं ते व्हायचंच होतं. राजाभाऊ रंगमंचावर आले, तलवार उगारली, आणि बाही खांद्यापासून सुटून हातात आली. ती सावरायला वळले तर कुशीची शिवण उसवली, मग पाठीची. अर्ध्या रंगमंचावर राजा बंडी-धोतरावर उभा. शौकीन हसून हसून लोळले म्हणे. कच्च्या टाक्याची गोष्ट एकाही पठ्ठ्याच्या ध्यानात राहिली नव्हती.

परत आले ते गाडीतूनच ओरडत. "आपानं दगा देल्ला! नेलं नाही म्हणून मुद्दाम केलं!"

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, गाठोडं तं आदल्या दिवशी नेलं. तवा तिले माहीत होतं काय, तुमी सोडून जाणार म्हणून?"

"मी काय बोलू? राजाभाऊ म्हणते तसं असन."

"शालू घडी करून ठेवा अन् पुन्हा हात लावू नका त्याले."

गोष्ट गावभर झाली. चीड येते ती याची, की बायासुद्धा कौतुकानं सांगू लागल्या. कशी जिरवली बाप्यांची, आपा भारी पक्की. आपाला ते शिवीहून जास्त लागायचं. म्हणायची, "तीस वर्सं झाली, कोणाच्या कपड्यात खोट नाही ठेवली मी. अन् हे मले शाबासकी देऊन राह्यले खोट ठेवल्याची!"

हळूहळू कापड येणं थांबलं. जिच्या मनात आलं तर कपडा भर मांडवात उसवतो, तिच्याकडे नवरीचं कोण शिवणार? पुढच्या हिवाळ्यात राजाभाऊंनी सोंगं यवतमाळहून शिवून आणली. आपानं मशीन पोत्यात बांधलं. मुकुटबनहून तिचा भाऊ तिला न्यायला गाडी घेऊन आला.

बाजाराचा दिवस होता. राजाभाऊंच्या दुकानापुढे तिनं गाडी थांबवली आणि खाली उतरली. राजाभाऊ गूळ तोलत होते.

"राजाभाऊ, झगा मी कच्चा ठेवला तो तुमी नेतो म्हणाले म्हणून. खरं का खोटं, तेवढं या लोकांपुढं बोला. मंग मी जातो."

गिऱ्हाइकांतला एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना आपा, हसण्यावारी न्या."

"तू हास. तुह्या घरची इज्जत नाही गेली."

मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभी होते. माझाच आवाज मला ऐकू आला. "नेतो म्हणाले होते. मी होती तिथं."

माना वळल्या. राजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीत माझ्या नवऱ्याला शोधलं आणि म्हणाले, "आपल्या बाईले घरी घेऊन जा बाप्पा, उन्हात उभी हाये."

आपा गाडीत चढली आणि पोत्याला पाठ टेकून, मागे तोंड करून बसली. गाडी बाजारातून बाहेर पडेपर्यंत ती दुकानाकडेच पाहत होती. राजाभाऊ खाली मान घालून गुळाचा एक खडा तराजूत टाकत होते, काढत होते, पुन्हा टाकत होते.