अप्पांच्या काठावर सोबतीचे तंबू

दर हिवाळ्यात आमच्या निसर्ग मंडळाची पोरंपोरी घेऊन मी दोन दिवस अप्पांच्या जमिनीत तंबू ठोकायची. चुडाव्याला रेल्वेतून उतरायचं आणि पूर्णा नदीकडं चालत सुटायचं. काठाचा तेवढा तुकडा अप्पांनी कधी नांगरलाच नाही. करंज, बाभळी, पाखरं, सगळं होतं तसंच ठेवलेलं. अट एकच होती, तंबू त्यांच्या बायकोच्या समाधीजवळ ठोकायचे.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेलं माणूस जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात आणि जमीन असली तर आपल्याच वावरात. भाऊबंद म्हणाले होते, वरच्या रानात बसवा, काठाचा काय भरवसा? अप्पांनी ऐकलं नाही. रानात आली की ती दुपारची भाकरी काठावरच सोडायची, म्हणून तिला तिथंच बसवलं.

"पण एकटी पडती हो, माय," ते मला म्हणाले होते. "तुमची लेकरं आली की तिला सोबत होती. दोन दिस का हुईना."

पोरांच्या पालकांना हे कळलं आणि काय गहजब! मढ्याशेजारी लेकरं झोपवता म्हणे! मीही काही कमी नाही. म्हटलं, घरात आजोबांच्या फोटोखाली झोपतातच ना? मग इथंच काय धाड भरली? पाठवायचं तर पाठवा, नाहीतर राहू द्या. सगळ्यांनी पाठवलं.

मागच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं आणि पूर्णेनं काठ ओढून नेला. समाधी गेली, करंजही गेला. यंदा यावं का, म्हणून मी चाचरतच फोन केला. अप्पा म्हणाले, "या की. का न्हाई यायचं?"

गेलो. त्यांनी जागा झाडून ठेवली होती. पण पुढं सरळ तुटलेला कडा आणि खाली पाणी. अप्पा पार वाळले होते.

"भाऊबंद बोलायलेत," ते म्हणाले. "खरंच हाय त्यांचं. मीच बसवलं तिला तिथं."

एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण तेव्हा मी पोरांसमोरच रडले. काय करणार?

संध्याकाळी पोरं आपसूक गप झाली. कुणी हसलं की बाकीचे डोळे वटारायचे. शहाणी झाली लेकरं, असं मला वाटलं. अप्पा आले आणि एकदम चिडलेच.

"गप का बसलाव रे? बोला की मोठ्यानं! जवळ हुती तवा हळू बोललं तरी चालायचं. आता लय लांब गेलीय ती."

मग एक पोरगी उठली, पाण्याकडं तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "आजी, आज खिचडी केलीय! जरा करपलीय!"