अर्धा मिलिमीटर जास्त

२०२३ साल, मला एकाहत्तर पूर्ण झालेली. त्या वर्षी बायकोच्या भावाने होडी विकली. कोलशेतच्या खाडीत हल्ली जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिक जास्त येतं, त्यामुळे त्याला मी बोल लावत नाही. रविवारी सकाळच्या भरतीला तो स्वतःच होडी चालवत पलीकडच्या गावच्या गिऱ्हाइकाकडे पोचवणार, असं ठरलेलं. होडी सासऱ्यांनी बांधून घेतलेली, बायको तिच्यात खेळून मोठी झालेली. गुडघ्यांमुळे तिला आता धक्क्यावरच्या चिखलात उतरता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मला फोटो पाहिजे. बांधलेल्या होडीचा नको, पाण्यावर चाललेली पाहिजे. आणि भावाचं तोंड दिसलं पाहिजे."

मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की माझं मागे फिरणं नसतं.

मोबाईलवर काढून बघितलं. होडी आगपेटीतल्या काडीएवढी आली. मेहुण्याचं तोंड मोठं करायला गेलो तर नुसते चौकोन.

माझ्याकडे एक जुनी लेन्स आहे, लांबचं जवळ आणणारी. कंपनीत मी चौतीस वर्षं टर्नर होतो, लेथवर धातू कातणारा, आणि दरवर्षी सत्यनारायणाचे फोटोही मीच काढायचो. रोलचा कॅमेरा कधीच मेला, पण लेन्स मी कापडात गुंडाळून जपलेली. आजही लोण्यासारखी फिरते. डोंबिवलीला मुलीकडे डिजिटल कॅमेरा पडून होता, त्याची लेन्स हातातून पडून जाम झालेली. मी म्हटलं, कॅमेरा दे, माझी लेन्स लावतो.

"बाबा, ती तशी नाही बसत. मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो. मी ऑनलाइन मागवते, आठ-दहा दिवसांत येईल."

"होडी रविवारी जाणार. मीच बनवतो."

"घरी?"

"लेथवर गं. घरी काय पोळपाटावर बनवू?"

तिने मोबाईलमध्ये बघून एका चिठ्ठीवर अ‍ॅडॅप्टरची जाडी लिहून दिली. म्हणाली, लेन्स कॅमेऱ्यापासून बरोब्बर एवढ्याच अंतरावर पाहिजे, दशांशानंतरचे दोन आकडेसुद्धा बघा. मी चिठ्ठी खिशात घातली. मी चौथी शिकलेला माणूस, पण चौतीस वर्षं ड्रॉइंग वाचली आणि माझा एकही जॉब माप चुकलं म्हणून परत आला नाही. दशांश मला पोरीने शिकवावेत?

वागळे इस्टेटला माझ्या एका जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे अ‍ॅल्युमिनियमचं कडं काढलं. एका बाजूला लेन्स बसेल असे आतून आटे पाडले, दुसऱ्या बाजूला मुलीच्या मोडक्या लेन्सची कॅमेऱ्यात अडकणारी मागची चकती चार स्क्रूंनी लावली. सोबत्याने चिठ्ठी वाचली, मायक्रोमीटर लावला.

"अर्धा मिलिमीटर जास्त आहे रे."

"ठेवलाय. जास्त राहिलं तर परत लेथच्या चकात धरून कातता येतं. कमी झालं तर भंगारात."

आमच्या उस्तादाने कान पिळून हेच शिकवलेलं. बसवून बघू, मग उरलेलं काढू, असा माझा विचार होता. पण कडं कॅमेऱ्यावर असं टक करून बसलं की काढायचं मनातच आलं नाही. घरी येऊन बायकोचा फोटो काढला, ती भाकऱ्या थापत होती. बोटाच्या पेरांवरचं पीठसुद्धा दिसत होतं. मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मस्त. लांबचं बघितलंत का?"

मी मोबाईल खिशात टाकला. काय बघायचं त्यात?

शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर गेलो. होडी मधल्या पाण्यात उभी होती, मेहुणा तिच्यात बसून तळाचं पाणी काढत होता. लेन्स शेवटापर्यंत फिरवली तरी होडी धुरकटच. आधी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. मग वाटलं, मोतीबिंदू काढलेला डोळाच दगा देतोय. तेवढ्यात मेहुणा किनाऱ्याला आला.

"काय दाजी, होरी दिसं ना काय? इतकी मोठी हाय."

त्याच्याकडे लक्ष न देता मी धक्क्यावरच्या खुंटांचे एकेक करून फोटो घेतले. जवळचा स्वच्छ, पुढचा स्वच्छ, त्याच्या पुढचा जरा मऊ, आणि तिथून पलीकडे सगळं विरघळलेलं. डोळा नव्हता आणि कॅमेराही नव्हता. माझा अर्धा मिलिमीटर होता. तेवढ्याने लेन्स पुढे सरकलेली आणि लांबचं हातातून गेलेलं.

तिथूनच मुलीला फोन लावला.

"तुझा आकडा बरोबर होता."

"बाबा, परत बोला, रेंज गेली."

"ऐकलंस तू."

ती हसली, पण लगेच कामाचं बोलली. "आता काढताना किंचित कमीच करा. विकतचे अ‍ॅडॅप्टरही मुद्दाम जरासे कमी ठेवतात. कमी असलं तर लेन्स थोडी मागे फिरवून जुळवता येतं, जास्त असलं तर काहीच करता येत नाही."

म्हणजे जन्मभर जे केलं त्याच्या नेमकं उलट.

सोबत्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या रविवार आहे, मला मटण आणायचंय."

"मटण मी आणून देतो. तू किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वर्कशॉप उघडलं. भरती साडेनवाची. चकती काढली, कडं चकात धरलं, डायल लावून सरळ केलं आणि बारीक बारीक कट घेत गेलो. चिठ्ठीवरचा आकडा आला, दशांशानंतरचे दोन्ही. आता त्याच्या खाली उतरायचं होतं. हात थांबला. मापाखाली जाणाऱ्या पोरांना मी या हातांनी बडवलेलं आहे. एक घोट पाणी प्यायलो आणि आणखी एक कट घेतला.

चकती परत लावून कडं कॅमेऱ्यावर बसवलं, सोबत्याच्या दारात किल्ली टाकली आणि मटण नंतर आणतो सांगून रिक्षा पकडली. माजिवड्याला सिग्नलने वेळ खाल्ला. धक्क्यावर पोचलो तेव्हा होडी निघालेली, पार मध्यावर. लेन्स शेवटापर्यंत फिरवली, मग केसभर मागे आणली. मेहुण्याने सुकाणू काखेत धरून एकदा मागे वळून बघितलं. मी दाबलं. तो दिसेनासा होईस्तोवर दाबत राहिलो.

घरी येऊन बायकोला दाखवलं. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"दाढी नाही केली त्याने," ती म्हणाली. "आजच्या दिवशी तरी करायची."

मी कॅमेरा तिच्या हातात तसाच राहू दिला आणि चहा टाकायला आत गेलो.