नाताळच्या सुट्टीत, चार ते सहा

“पुस्तक इथेच राहू दे, इथे कोण वाचणार आहे ते?” असं वासुदेव कानिटकर एकदा म्हणाले आणि खिडकीतल्या कुंडीशेजारी पुस्तक ठेवून घरी गेले.

त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. जर्मनीतल्या गार्चिंगच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात प्रताप आणि विभावरी दोघंही सॉफ्टवेअरमधली माणसं; मराठी वाचायला त्यांना सवड नव्हती. दहा वर्षांची अन्वी आणि सात वर्षांचा आरव यांना मराठी कळे, पण उत्तर बहुतेक जर्मनमधून येई. अक्षरं त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

वासुदेवकाका मूळचे मिरजेचे. सव्वीस वर्षं ते इथल्या एका प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंप सांभाळत होते. बंद भांड्यांतून हवा काढून घ्यायची, एवढंच काम. लग्न केलं नाही. वर्षभर त्यांना कोणाची गरज लागत नसे, निदान तसं दिसे. पण नाताळात प्रयोगशाळा दोन आठवडे बंद होई, रस्ते रिकामे पडत, साडेचारलाच अंधारून येई आणि खोलीत स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागे. चार वर्षांपूर्वी विभावरी सहज म्हणाली, “अहो काका, पोरांना काहीतरी वाचून दाखवा ना.” तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत रोज चार ते सहा ही वेळ त्यांची झाली. त्या दोन तासांसाठी ते दाढी करत.

वाचताना ते ओळीखाली बोट सरकवत. अन्वी उजव्या हाताला, आरव गुडघ्याला टेकून. प्रताप लॅपटॉप मिटून येई, विभावरी चहाचा कप घेऊन गालिच्यावर बसे. यंदाचं पुस्तक कोकणातल्या एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आणि त्याच्या आगाऊ शेळीचं होतं. शेळीचा आवाज काका नाकातून काढत. शेवटचं प्रकरण सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, हा त्यांचा नियम.

त्या मंगळवारी गोष्टीत साहेब तपासणीला आला होता. काकांनी वाचलं, “साहेबाने पिशवीत हात घातला...” आणि आरव खुदकन हसला.

हसण्यासारखं अजून काही आलंच नव्हतं. पिशवीतला हुकूम शेळीने खाल्ल्याचं पुढच्या पानावर होतं.

“का रे हसलास?”

“वायटर, काका! पुढे वाचा ना,” अन्वी घाईने म्हणाली.

“ताईने मला सगळं वाचून दाखवलंय,” आरवने जर्मनमध्ये सांगून टाकलं. “दोनदा.”

अन्वीने त्याला कोपर मारलं.

“अगं, तुला मराठी वाचता येतं?” विभावरीचा कप हातातच राहिला. “कोणी शिकवलं?”

“कोणीच नाही. काका वाचतात ते बघून बघून.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे काका, तुमची नोकरी गेली की!” प्रताप मोठ्याने हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

“मग रोज ऐकत का बसलात?” काकांनी विचारलं.

अन्वीने थोडा वेळ मराठी शब्द शोधले. “तुम्ही... तुम्ही येता म्हणून.”

काका पानाकडे बघत राहिले. उरलेले पाच दिवसही मुलं अशीच बसतील, आता सांभाळून योग्य जागी हसतील, आणि ते आपल्याला ओळखू येईल. त्यांनी पुस्तक अन्वीच्या मांडीवर ठेवलं.

“वाच.”

मोठ्यांसमोर ती आधी अडखळली. एका जोडाक्षरापाशी थांबली. काकांनी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिचं तिला जमलं. शेळी बोलू लागली तेव्हा तिने नाकातून आवाज काढला, थेट मिरजेच्या हेलात. आरव पुन्हा हसला, या वेळी जागेवर. विभावरी सरकून तिच्याजवळ गेली. पान संपत आलं तसा काकांचा हात पुढे झाला, पण पान तिने उलटलं होतं.

ते उठले. दाराशी बसून बूट घातले, मफलर गुंडाळला. आत शेळी साहेबाशी हुज्जत घालत होती आणि सगळे अन्वीकडे बघत होते. काकांनी दार उघडलं, आवाज होणार नाही असं मागे ओढून घेतलं आणि जिना उतरून गेले.