दोर वळणाऱ्या हातची लाट

मी समुद्र पाहिलेला नव्हता, तरी तो विणला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

आमची पोरगी नर्स आहे, कोकणात समुद्राकाठच्या एका दवाखान्यात. तिच्या बाळंतपणाला माझी बायको गेली होती. मी गेलो नाही. बैल दुसऱ्याच्या भरवशावर टाकून जाणारा माणूस मी नव्हे. बायको परत आली ती समुद्राचं वेड घेऊनच. परातीत पाणी हलवून मला लाट दाखवायची. "लाट येते अन् काठावर फेसाची जाळी टाकून जाते, पाहा. अन् होड्यायले बांधलेले दोर! एवढे जाड. तुमाले लय आवडले असते."

मग तिनं मेहकरच्या बाजारातून फिक्कट निळी लोकर आणली आणि विणायला घेतलं. गळ्यापासून सुरू होऊन खाली रुंद होत जाणारं, खांदे झाकून कोपराच्या वर संपणारं. पोरगी त्याला केप म्हणते. मी खांदेझाक म्हणतो, आणि माझा शब्द बरा आहे. त्यात जाळीच्या लाटा, अन् दोन लाटांच्या मधून खाली उतरणारा पिळाचा दोर. सगळं मनानंच. ते घालून ती पुन्हा लेकीकडे जाणार होती, आणि या खेपेला मलाही ओढून नेणार होती.

खांद्यापर्यंत विणून झालं आणि तिला लकवा मारला. जीभ लवकर सावरली, पाय हळूहळू सावरला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राही, कोणी ठेवायला दिल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर तो विसरून जाईल. ती देईना. विणकाम सुयांसकट कोठीवर ठेवून दिलं. शेजारची सून जानेफळची, विणण्यात हुशार. ती म्हणाली, "मावशी, मी पुरं करून देऊ का?"

"घेऊन जाय बाई. उसव अन् लेकराले टोपरं कर."

ज्या आवाजात ती हे बोलली, तो मला लागला. मी म्हटलं, "कोणी काही न्यायचं नाही. मी पुरं करतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि दुखण्यानंतर पहिल्यांदा हसली. "तुम्ही? कासरा आहे का तो?"

"दोर आहे ना त्यात? मंग!"

माझी शाळा लहानपणीच सुटली, पण दोर सुटला नाही. अंबाडीच्या सालीचा वाख काढावा आणि दोर वळावा तर मी. माझ्या हातचा कासरा तुटला असं कोणी सांगावं, मी मिशी उतरवीन.

ती खाटेवर आणि मी खाली पोत्यावर, अशी शाळा सुरू झाली. "सुलटा. सुलटा. आता लोकर सुईवरून घ्या अन् दोन टाके एकत्र. अहो, एकत्र म्हंजे त्यायचा गळा नाही दाबायचा!" मुद्दाम भोक पाडायचं, हे माझ्या मनाला पटेचना. जन्मभर पोत्यांची भोकं शिवली मी. पिळाचं मात्र लगेच कळलं: थोडे टाके तिसऱ्या सुईवर अडकवून बाजूला ठेवायचे, पुढचे आधी विणायचे, मग हे. तिसरी सुई म्हणजे सायकलची तार, मीच दगडावर घासून केलेली.

एक जुना सोबती ओसरीशी थांबला. "काय बे, सुनबाई झाला का तू?"

"तुह्या कानाले टोपी विणून राह्यलो. लय थंडी वाजते ना तुले दुसऱ्याच्या घरात डोकावताना?"

पण तिढा वेगळाच होता. पीळ दिसला की माझा हात तो आवळतो. खांदेझाक खाली पसरायच्या ऐवजी पोत्याच्या तोंडासारखं आकसत गेलं. तिच्या अंगावर घालून पाहिलं तर खांद्यावरच अडकलं.

"यात मी नाही मावत. बकरीले घाला."

मी उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा आवळलं. तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं. "सोडा आता. मी नाही जात कुठं."

दुपारभर मी ते घेऊन बसून राहिलो. मग ध्यानात आलं की दोर मी कधी एकट्यानं वळलाच नव्हता. पोळ्याच्या आधी अंगणात आम्ही दोघं असायचो. मी फिरकी फिरवायचो, ती वाख सोडत मागं मागं जायची. पीळ माझा, ढील तिची.

मी लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर ठेवला आणि धागा तिच्या उजव्या बोटांतून घेतला. "सोड."

"हा हात नाही चालत."

"मंग मीबी नाही विणत."

बसलो. माझा हट्ट गावाला ठाऊक आहे, तिला तर जास्तच. चहा थंड झाला. शेवटी तिनं डाव्या हातानं उजवा उचलला आणि वीतभर धागा पुढं सरकला.

आता मी जोरानं ओढलं की तिचा दुखरा हात हिसकला जाई. म्हणून हळू ओढू लागलो. नुसतं सांगून जे जमलं नव्हतं, ते असं जमलं. टाके मोकळे झाले, जाळी उघडली, लाट खाली पसरत गेली. "वढू नका ना! देऊन राह्यली ना मी!" ती ओरडायची, आणि मला बरं वाटायचं.

एका सकाळी पाहतो तर डावा हात नुसता पदराशी खेळत होता. लोकर उजवाच सोडत होता. मी खाली पाहून पुढचा टाका घेतला. बोललो असतो तर तिनं तो थांबवला असता.

उसवताना माझा सगळ्यात वरचा एक पीळ चुकून तसाच राहिला होता, गाठीसारखा घट्ट. मी पुन्हा उसवायला निघालो, तर तिनं सुया ओढून घेतल्या. "राहू द्या. पोरीले कळलं पाह्यजे कोणाचा हात आहे."

बैल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मी तिच्यासोबत लेकीकडे निघालो. मेहकरच्या स्टँडवर थंड वारा होता. तिनं खांदेझाक घातलं. खांद्यावरून सरळ खाली उतरलं. गळ्याशी लोकरीचे बंद होते, ते मी बांधायला हात पुढं केला तर तिनं झटकला. उजव्या हाताची बोटं चाचपडत बंद शोधू लागली. कंडक्टरनं बसच्या दारावर थाप मारली. "बाबा, चढा लवकर! गाडी सुटून राह्यली!"

मी एक पाय बसच्या पायरीवर ठेवला, एक जमिनीवर, आणि दांडा धरून उभा राहिलो.

"थांब जरा. ती गाठ मारून राह्यली."

"मारून द्या ना तुम्हीच!"

"मी घट्ट मारतो," मी म्हटलं, आणि गाठ बसेपर्यंत पाय हलवला नाही.