सव्वीस पावलं

मोजदाद रोज सकाळी मेलेल्यांची हजेरी घेतो, ही अफवा विद्यापीठात नव्यानं आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडायची. सांगणारा आवाज खाली आणायचा, डोळे मोठे करायचा. चॅपलच्या मागे, भिंतीपलीकडे, उजाडलं की तो एकटाच चालतो आणि नंबर पुकारतो. चोवीस, पंचवीस, सव्वीस. सव्वीस नंबरनं 'हजर' म्हटलं की टोपी काढतो आणि मगच झाडू हातात घेतो. एका मुलीनं तर तो 'हजर' स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ती पुढे वकिलीला गेली. तिचं तिथं छान चाललं असणार.

खरी गोष्ट एवढीच की ज्यांना मुलं मोजदाद म्हणायची ते आमचे काका पावलं मोजत. नोकरीच्या कागदावर ते माळी होते, पण दफनभूमीही त्यांच्याचकडे होती. आधी त्यांच्या वडिलांकडे, त्याआधी आजोबांकडे. भिंतीच्या आत संस्थापक, प्राचार्य, पाळक आणि त्यांच्या बायका; सगळीकडे संगमरवर, कोरलेली नावं, खाली एकेक वचन. भिंतीबाहेर कामगारांची एक ओळ होती. आचारी, धोबी, पहारेकरी, असे अकरा जण. त्यांच्यावरचे लाकडी क्रूस कधीच कुजून गेले, वर गवत आलं. कोण कुठे झोपलंय ते फक्त एका वहीत होतं, आणि त्या वहीत फूट-इंच नव्हते, पावलं होती. 'फाटकाच्या खांबापासून बारा, आचारी.' 'वीस, पहारेकरी.' शेवटचा आकडा सव्वीस. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

ती काकांची आई. हॉस्टेलच्या चादरी आणि अभ्रे शिवायची. काका आठ वर्षांचे असताना गेली. वडिलांनीच पुरलं, वडिलांनीच मोजलं, वडिलांनीच लिहिलं. वडील गेल्यापासून रोज सव्वीस पावलं चालून काका तिथं फूल ठेवत आले होते. टेप घ्या की एखादी, असं कुणी सुचवलं तर त्या माणसाकडे दयेनं बघायचे. म्हणायचे, टेप हरवते, पाय कुठे जाणार?

यंदा विद्यापीठाचं रूप पालटायचं ठरलं. संस्थापकांची पणतवंडं आली, चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसली, आणि त्यांच्या घराण्याच्या नावानं 'वारसा भवन' उभं राहणार असल्याचं जाहीर झालं. चार पिढ्यांची सेवा, असं त्या भाषणात सहा वेळा आलं. मी बोटांवर मोजत होते. दाराशी काचेत नव्या आवाराचं चित्र लावलं. भिंतीबाहेरची जागा त्यात करड्या रंगानं रंगवली होती आणि तिच्यावर लहान लहान गाड्या ओळीनं उभ्या होत्या. चित्रातली माणसं सगळी हसत होती. एकाचीही सावली पडत नव्हती.

काका वही घेऊन इमारत विभागाच्या साहेबांकडे गेले. हे साहेब नाही म्हणायच्या आधी 'तत्त्वतः' म्हणतात, आणि तत्त्वतःच्या आधी चष्मा पुसतात. चष्मा निघाला की आपण उठायला लागावं. साहेब म्हणाले, तत्त्वतः आमची काहीच हरकत नाही, पण नकाशात ती जागा मोकळी आहे. वही त्यांनी दोन बोटांनी उलटी सरकवली. पावलं म्हणजे पुरावा नव्हे. मग चॅपलचे पाळक मध्ये पडले, तेव्हा बुधवारी एक कागद निघाला. शनिवारी संध्याकाळपर्यंत जे सापडेल ते भिंतीच्या आत हलवू. खोदायचं काकांनी एकट्यानं. विम्याच्या भानगडीमुळे दुसऱ्या कुणी फावड्याला हात लावायचा नाही. सोमवारी मशीन येणार.

गुरुवारी काकांनी पहिल्यांदा आईलाच काढायला घेतलं. जिथं फुलं ठेवत होते, बरोब्बर तिथंच. साठीच्या माणसानं कुदळीनं खोदायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. मला शाळेला सुट्टी होती, मी भिंतीवर बसून बघत होते. तीन फूट, चार फूट, साडेपाच फूट. खाली पिवळी माती लागली, घट्ट, कुणीही कधीही न हलवलेली. काका खड्ड्यातून वर आले ते फाटकापर्यंत गेले आणि पुन्हा मोजत आले. एकदा, दोनदा, तीनदा. पाय तिन्ही वेळा त्याच खड्ड्याच्या काठाशी थांबले.

घरी आल्यावर आजीला सगळं करून दाखवलं. सांगण्यापेक्षा करून दाखवणं मला सोपं जातं. माझी आजी चाळीस वर्षं हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात होती, त्या ओळीतल्या निम्म्या लोकांबरोबर तिनं काम केलेलं. ओट्यापासून दारापर्यंत मी काकांसारखी आखडून, तुरुतुरु मोजत गेले. आजी हसली नाही. म्हणाली, "हे त्याचं चालणं झालं. त्याचा बाप असा कुठे चालायचा? ताडमाड माणूस. त्याच्या एका टांगेत माझी दोन पावलं बसायची. हा आईवर गेलाय, बुटका."

वही बापाच्या पायांची होती, आणि इतकी वर्षं तिच्यावरून लेक आपल्या पायांनी चालत होता.

शुक्रवारी सकाळी हे मी काकांना सांगितलं. ते खड्ड्याच्या काठावर बसले. बराच वेळ तळहात उलटेसुलटे करून बघत राहिले.

"मग मी फुलं कुणाच्या उरावर ठेवत होतो गं?"

"कुणाच्याच नाही, काका," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

आजी काठी टेकत आली आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसली. तिच्यासमोर मी काकांच्या वडिलांसारखी चालले. अजून लांब, ती म्हणे. खांदे मागे. हां, आणि थोडं गर्वानं, पगार वाढल्यासारखं. तिच्या मनासारखं झाल्यावर मी खांबापासून बारा टांगा टाकल्या आणि काकांनी तिथं कुदळ मारली. दुपार टळल्यावर आचारी सापडला. आजीनं वाकून बघितलं. पुढचा एक दात धातूचा होता. म्हणाली, हाच, डाळ खारट झाली की हाच दात दाखवून हसायचा. मग तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि मला म्हणाली, चल घरी.

साहेब रुमाल नाकाला लावून आले. चष्मा पुसला. आम्ही उठणार तेवढ्यात म्हणाले, तत्त्वतः मान्य.

शनिवार उरला, म्हणजे एक खड्डा उरला. काकांच्या तळहातांवरचे फोड फुटले होते, त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या. पाळकांनी आणखी एक आठवडा मागून बघितला. मशीन ठरलेलं आहे, असं उत्तर आलं. काका वही उघडून ओळीसमोर उभे राहिले आणि उरलेल्यांपैकी एकेकाचं मोठ्यानं वाचू लागले. पाच, धोबी. वीस, पहारेकरी. आकडा, काम, आणि मध्ये थोडं थांबणं. त्या सकाळी मात्र खरोखरच हजेरी झाली. आई सोडून नऊ जण होते, आणि त्या नऊ जणांना काका काढू शकणार नव्हते. त्यांनी वही मिटली. त्यांना बघायला मला जमेना म्हणून मी कामाला लागले. खांबापासून सव्वीस लांब टांगा मोजल्या आणि आजीची काठी मातीत रोवली.

काका माझ्यामागून आले नाहीत. खांबापाशीच उभे होते. मग त्यांनी उजवा हात खांद्याच्याही वर उचलला, मूठ अर्धी मिटली, आणि बारकी बारकी पावलं टाकत निघाले. मी पुष्कळांच्या नकला करते, पण ते चालणं मला आजही जमत नाही. आचाऱ्याच्या खड्ड्यापुढे थोडंसं जाऊन ते थांबले. माझी काठी तिथून पंचवीस-सव्वीस फूट लांब होती.

"इथं," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, कालच आचारी सापडला ना? वही तीच, पाय तेच.

"पाय तेच. पण त्या दिवशी बाबांच्या हाताला मी होतो. आठ वर्षांचा. त्यांनी लांब टांगा टाकल्या असत्या तर मी फरफटत गेलो असतो."

मला वाटलं, माणूस दुःखानं बोलतोय आणि शेवटचा खड्डा वाया घालवणार. त्यांना अडवायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी म्हणाले, लावा पैज. ती माझ्या काठीपाशी आहे. हरले तर सांगाल ते करीन.

काका कुदळ उचलत म्हणाले, "हरलीस तर हा खड्डा तू बुजवायचास."

उन्हं कलली तेव्हा ते गळ्यापर्यंत आत होते. कुदळ ठेवून हातांनी माती काढू लागले, तेव्हाच मला कळलं. पुष्कळ वेळानं त्यांनी एक अंगुस्तान वर माझ्याकडे दिलं, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. हिरवं पडलेलं. मग परत मागून घेतलं आणि करंगळीत घालून बघितलं. नखाच्या पुढे गेलं नाही.

बाकीचं त्यांनी पेटीत स्वतःच ठेवलं. मला बघू दिलं नाही. भिंतीच्या आत, कडेला, नळाजवळ दोन जागा मिळाल्या होत्या. एकीत आचारी आदल्या दिवशीच गेला होता. पाळक तिथं पुस्तक घेऊन थांबले होते. काकांनी पेटी छातीशी धरली आणि फावडं माझ्याकडे सरकवलं.

"काका, सोमवारी मशीन हे सगळं उकरणारच आहे," मी म्हणाले.

"ते मशीन बघेल. पैज तू हरलीस." ते फाटकाकडे वळले. "आणि वरवर लोटू नकोस. नीट दाब."

मी दाबली.