हिरव्या दिव्याचा फोन

भावोजींना सकाळचा पहिला फोन यायचा तो फोटो-स्टुडिओवाल्याचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "हिरवा," एवढंच तो म्हणायचा. "छान," म्हणून भावोजी फोन ठेवायचे आणि दाढीला बसायचे.

"झालं यांचं सिग्नल देऊन," ताई म्हणायची. "आता गाडी सुटणार."

भावोजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण तारा काही सुटल्या नाहीत. कुणाच्या तरी ऑफिसने टाकून दिलेले दोन छोटे डबे त्यांनी उचलून आणले होते. आत एकेक हार्डडिस्क. घरातले फोटो, गाणी एका जागी ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही फोनवर उघडायची, असे ते डबे. कंपनीने हात वर केले होते, यापुढे अपडेट नाही, नवा घ्या. भावोजींनी स्क्रू काढले, आतल्या तीन पिनांना तारा सोल्डर करून त्या लॅपटॉपला जोडल्या आणि कंपनीचा प्रोग्राम पुसून त्यात फुकट मिळणारं लिनक्स घातलं. डबा पुन्हा कामाला लागला. वीज खायचा ती बाथरूमच्या बल्बाइतकीसुद्धा नाही. दिवसातून दहादा त्याच्यावरून फडकं फिरायचं. ताई त्याला सवत म्हणायची.

पण त्या सवतीच्या पोटात ताईचंच सगळं होतं. ताई गाणं शिकवायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला; उरली ती नुसती कुजबुज. त्याआधीच्या शिकवण्या भावोजींनी कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं रेकॉर्ड केल्या होत्या. शिष्या अजूनही यायच्या. ताई डब्यातला धडा लावायची आणि हाताने ताल धरायची. तिची शिकवणी त्यावरच चालली होती.

दुसरा डबा स्टुडिओवाल्याकडे होता. दोघं शाळेपासूनचे. याच्या गाण्यांची नक्कल त्याच्याकडे, त्याच्या फोटोंची याच्याकडे. एका घराला आग लागली तरी दुसरीकडे सगळं शाबूत. रोज रात्रीची नक्कल चुकली की घरचा डबा भावोजींना मेल पाठवायचा. पण स्टुडिओतली वीज सारखी जायची आणि मेलचा नुसता पाऊस पडायचा. शेवटी भावोजींनी ते मेल बंदच केले. "तू रोज डब्यावरचा दिवा बघ आणि हिरवा आहे का ते मला सांग," ते मित्राला म्हणाले. मेल का बंद केले, असं मी विचारलंही होतं, तर म्हणाले, "माणूस सांगतोय म्हटल्यावर मशीनला कशाला विचारायचं गं?"

मग एका दुपारी घरचा डबा टकटक वाजायला लागला आणि संध्याकाळी बंद पडला. डिस्क गेली. ताईचा चेहरा उतरला. भावोजी मात्र शीळ घालत चपला शोधत होते. "अगं, सकाळीच हिरवा होता. जातो नि घेऊन येतो." मला बाजारात जायचं होतं, म्हणून मीही निघाले.

स्टुडिओत डबा काउंटरवर होता. दिवा हिरवागार. भावोजींनी लॅपटॉप जोडला, पासवर्ड टाकला. डबा ओळखच दाखवेना. मग पडद्यावर कंपनीच्या मूळ प्रोग्रामचं चित्र आलं.

"यात लिनक्स नाहीये," भावोजी म्हणाले.

स्टुडिओवाला फ्रेमा पुसत होता, पुसतच राहिला. "गिऱ्हाइकांना मोबाइलवर फोटो बघायचे असतात रे. कंपनीचं ॲप तुझ्या त्या लिनक्सवर चालेना. एकाकडून परत मूळचं टाकून घेतलं."

"डिस्क पुसली गेली असेल."

"हो. माझे फोटो मी आधी काढून ठेवले होते."

भावोजींनी लॅपटॉप मिटला. "आणि माझे? कधी केलंस हे?"

"झाले काही महिने. सांगणारच होतो. तू चिडशील म्हणून... रोज वाटायचं, उद्या सांगू."

"आणि रोज फोन करत होतास."

"दिवा हिरवाच होता," तो म्हणाला. "त्यात खोटं काय बोललो?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. ना आवाज, ना रक्त. "डबा माझा आहे," एवढंच म्हणून त्यांनी वायर उपटली आणि डबा काखेत मारून ते बाहेर पडले. मागून हाक आली, "अरे, निदान बस तरी!" ते थांबले नाहीत.

घरी ताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिष्यांना मेसेज करायला घेतले.

शिष्यांनी आपापले फोन धुंडाळले. सापडले ते तुकडे, पण त्यांत गात होत्या त्या मुलीच. ताई मधेमधे फक्त म्हणायची, "चुकलं. पुन्हा घे." सगळं मिळून तिचा आवाज तेवढाच उरला.

भावोजींनी डब्यात पुन्हा लिनक्स घातलं, ते तुकडे भरले आणि डबा माझ्या घरी फ्रिजवर आणून ठेवला. घरच्या डब्यात नवी डिस्क बसवली होती.

"मी रोज दिवा बघून फोन करीन हं, भावोजी," मी म्हटलं.

ते वायर गुंडाळत होते. "नको. चुकलं की मशीन मेल करील. मेल चालू केलेत मी पुन्हा."

"कितीही आले तरी?"

"कितीही येऊ देत." दारात चपला घालताना ते थबकले. "तू फोन कर. पण दिव्याचं सोडून काहीही बोल."