जुळलं का?

चौसष्ट-पासष्टच्या सुमारास मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होतो. रक्ताच्या कर्करोगात पेशींमधली एन्झाइम बदलतात का, हे आम्ही तपासत होतो. निरोगी रक्तासाठी मी पालघरला जायचो. तिथल्या दवाखान्यासमोर माकुणसारच्या एक बाई भाजी विकत. त्यांना मी सांगितलं, "तुमचं रक्त आजारी माणसाच्या रक्ताशी जुळवून बघायचंय." त्यांनी बांगड्या वर सारून हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने मेथीवर पाणी शिंपडत राहिल्या.

महिन्याने त्यांनीच हाक मारली. "जुळलं का रगत?"

"नाही, अगदी वेगळं निघालं," मी खुशीत म्हणालो. आम्हाला तेच तर हवं होतं.

"मंग त्या आजारी मानसाला काय देशील?"

मी समजावून सांगू लागलो. तोवर त्यांनी दुसऱ्या हाताच्या बांगड्या वर सारल्या होत्या.

"ह्या हाताचं घेऊन बग."